टेक्निकल लेखन सुरू कसं करायचं आणि चालू कसं ठेवायचं? संपूर्ण माहिती मराठीत

"मलाही टेक्नॉलॉजीवर लिहायचंय, पण सुरुवातच होत नाही" हे वाक्य मी खूप जणांकडून ऐकतो. त्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर असतात, डिप्लोमाचे विद्यार्थी असतात, शाळेत संगणक शिकवणारे सर-मॅडम असतात आणि महा ई-सेवा केंद्र चालवणारेही असतात. माहिती सगळ्यांकडे आहे. गाडी अडते ती पहिल्या पानावर. पहिलं पान झालंच, तर मग तिसऱ्या-चौथ्या लेखावर.

या लेखात आपण पाहूया की टेक्निकल लेखन म्हणजे नक्की काय, सुरुवात का अडते, प्रेरणा कुठून आणायची, पहिला लेख कसा पूर्ण करायचा आणि पुढे सवय कशी टिकवायची. शेवटी नेहमी विचारले जाणारे प्रश्नही घेतले आहेत.

टेक्निकल लेखन म्हणजे काय?

एखादी वस्तू, सॉफ्टवेअर किंवा पद्धत कशी वापरायची किंवा ती कशी चालते, हे दुसऱ्याला कळेल असं लिहिणं म्हणजे टेक्निकल लेखन. मिक्सरसोबत येणारं माहितीपत्रक हे टेक्निकल लेखन आहे. ऑफिसातल्या प्रिंटरवर चिकटवलेला "कागद अडकला तर आधी मागचं झाकण उघडा" हा कागदही टेक्निकल लेखनच आहे.

डॅनिएले प्रोचिडा यांनी मांडलेल्या 'डायटॅक्सिस' या पद्धतीत अशा लेखनाचे चार प्रकार केले आहेत. सुरुवात करणाऱ्याला ही विभागणी फार उपयोगी पडते.

- शिकवणी: नवीन माणसाला हाताला धरून शिकवणं. उदा. आयुष्यातली पहिली एक्सेल शीट बनवणं.
- कृती: एक ठरावीक काम करून देणं. उदा. फॉर्मसाठी फोटो ५० केबीच्या आत आणणं.
- संदर्भ: लागेल तेव्हा उघडून बघायची माहिती. उदा. शॉर्टकट कीजची यादी.
- स्पष्टीकरण: असं का होतं ते समजावणं. उदा. एकच फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवला की त्याची साइज कमी का होते.

बसल्याबसल्या लेख अडतो त्याचं एक मोठं कारण म्हणजे हे चारही प्रकार एकाच लेखात कोंबायचा प्रयत्न. पहिल्या लेखासाठी 'कृती' निवडा. काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे त्यात स्पष्ट असतं, त्यामुळे लेख कधी संपला तेही कळतं.

सुरुवात का होत नाही?

१) "मी कोण लिहिणारा?"

सगळ्यात जास्त लोक इथे थांबतात. त्यांच्यासाठी इंटरनेटच्या जन्माच्या वेळची एक खरी गोष्ट सांगतो.

१९६९ साली अमेरिकेत अर्पानेट नावाचं नेटवर्क उभं राहत होतं. आजच्या इंटरनेटचं ते पूर्वज. त्यातले संगणक एकमेकांशी कसे बोलणार हे ठरवायचं काम ज्यांच्याकडे आलं, ते बरेचसे विद्यापीठांतले विद्यार्थी होते. अधिकृत असा हुकूम त्यांना कुणी दिलेला नव्हता. कुणीतरी मोठी माणसं येतील आणि खरे नियम सांगतील, असंच त्यांना वाटत होतं. पण तोवर झालेल्या चर्चा लिहून ठेवणं तर गरजेचं होतं. त्यांच्यातल्या स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने पहिलं टिपण लिहिलं. घरातल्या इतरांची झोप मोडू नये म्हणून रात्री बाथरूममध्ये बसून लिहिलं, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं आहे. आपण फार शहाणपण दाखवतोय असं वाटू नये म्हणून या टिपणांना नाव दिलं 'रिक्वेस्ट फॉर कमेंट्स', म्हणजे 'तुमचं मत कळवा'. यालाच आपण आज आरएफसी म्हणतो. पहिल्या आरएफसीवर ७ एप्रिल १९६९ ही तारीख आहे.

त्याच महिन्यातलं तिसरं टिपण तर टेक्निकल लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. टिपण कसं लिहावं याचे नियम त्यात आहेत. लिहिलेली गोष्ट म्हणजे अधिकारवाणी, अशी आपली समजूत असते आणि कच्चं काही दाखवायला माणूस कचरतो, हे त्यात मोकळेपणाने मान्य केलं आहे. तो संकोच कमी व्हावा म्हणून नियम मुद्दाम सैल ठेवले. टिपणाची किमान लांबी किती? एक वाक्य!

आज आरएफसींची संख्या ९,००० च्या वर गेली आहे. ईमेल कसा पोहोचतो, वेबपेज कसं उघडतं, याचे नियम त्यांत लिहिलेले आहेत. हे सगळं सुरू झालं ते 'आम्ही कोण लिहिणारे' असं वाटणाऱ्या विद्यार्थ्यांपासून.

२) "यावर आधीच सगळं लिहून झालंय"

इंग्रजीत झालं असेलही. पण बार्शीतल्या दुकानदाराला हवं ते, त्याच्या फोनवर दिसणाऱ्या स्क्रीनप्रमाणे, त्याला कळणाऱ्या मराठीत लिहिलंय का? शोधून बघा. बऱ्याचदा लेख सापडतो तो जुन्या व्हर्जनचा, नाहीतर मशीनने भाषांतर केलेला. विषय जुना असला तरी वाचक नवीन असतो.

३) "मला अजून नीट येत नाही"

गंमत म्हणजे नुकतं शिकलेला माणूस नवशिक्यासाठी बऱ्याचदा जास्त चांगलं लिहितो. १९९० साली स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्म्या वेळा तरी ओळखतील. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला मात्र नुसती टकटक ऐकू येते.

अनुभवी माणसाचं लेखन असंच होतं. "सेटिंगमध्ये जाऊन परमिशन द्या" एवढं तो लिहितो आणि मधल्या चार पायऱ्या त्याच्या नकळत गळतात. तुम्ही काल शिकला असाल, तर त्या चार पायऱ्या तुमच्या अजून लक्षात आहेत. सहा महिन्यांनी त्या तुम्हालाही दिसणार नाहीत. म्हणून ज्या दिवशी अडलात आणि सुटलात, त्याच दिवशी लिहून ठेवा.

प्रेरणा नक्की येते कुठून?

माझं स्पष्ट मत सांगतो. 'टेक्नॉलॉजीवर लिहायचं' या विचाराने कुणी फार दिवस लिहीत नाही. 'अमुक माणसाची अमुक अडचण सुटायला हवी' या विचाराने लिहीत राहतो. विषयाचा कंटाळा येतो. समोर अडलेला माणूस असला की हात आपोआप चालतो.

माझ्या आईच्या शेजारच्या काकूंचे ८,००० रुपये एका फोनमुळे गेले. जुना फ्रिज विकायला काढला होता. समोरचा म्हणाला, "पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका." काकूंनी टाकला. त्या रात्री मी अर्धं पान लिहिलं आणि आईला व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यातला मुख्य मजकूर एवढाच होता:

"पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार. कुणी 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा आणि बँकेलाही कळवा."

दोन-तीन महिन्यांनी एका लग्नात एका गृहस्थांनी मला त्यांच्या फोनवर हाच मजकूर दाखवला आणि म्हणाले, "हे वाचून ठेवा, कामाचं आहे." लिहिणारा मीच, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. त्यानंतर 'लिहायचा मूड नाही' असं वाटलं की मला ते गृहस्थ आठवतात.

हीच माहिती मी अशीही लिहू शकलो असतो: "यूपीआय ही त्वरित निधी हस्तांतरण प्रणाली असून वापरकर्त्याने आपला गोपनीय संकेतांक सुरक्षित ठेवणे अत्यावश्यक आहे." वाक्यात चूक काहीच नाही. पण फोनवर समोरचा घाई करत असताना काकूंना ते आठवलं असतं का?

माणसासोबतच आणखी दोन गोष्टी लिहितं ठेवतात:

- स्वतःला कळणं: २००२ साली येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि काइल यांनी लोकांना झिपसारख्या रोजच्या वस्तू किती समजतात ते विचारलं. मग ती वस्तू कशी चालते ते सविस्तर लिहायला सांगितलं. लिहिल्यानंतर लोकांनी स्वतःच्या समजेला आधीपेक्षा कमी गुण दिले. लिहायला बसलं की कुठे पोकळ आहे ते लगेच कळतं. शिकण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.
- पुढच्या वेळची सोय: वर्षाने तीच अडचण आली की स्वतःचंच टिपण उघडून काम होतं. पैसे, नाव, नोकरीत फायदा हे नंतर येऊ शकतं. त्यावर सुरुवात अवलंबून ठेवू नका.

पहिला लेख: स्टेप बाय स्टेप

स्टेप १: गेल्या आठवड्यात तुम्हाला कुणी काय विचारलं ते आठवा. "पीडीएफ एकत्र कशा करायच्या?", "डिजिटल सातबारा कुठे मिळतो?", "गिटमध्ये चुकीच्या ब्रँचवर कमिट झालं, आता काय?" असा एकच प्रश्न घ्या.

स्टेप २: तो विचारणाऱ्या माणसाचं नाव कागदावर लिहा. लेख त्याच्यासाठी आहे, सगळ्या महाराष्ट्रासाठी नाही. कुठला शब्द वापरायचा, किती सोपं करायचं, हे प्रश्न या एका नावाने सुटतात.

स्टेप ३: शेवट आधी लिहा. "हे वाचून झाल्यावर तुमचा फोटो ५० केबीपेक्षा लहान झालेला असेल." हे वाक्य जमत नसेल तर विषय अजून मोठा आहे, लहान करा.

स्टेप ४: ते काम स्वतः पुन्हा करा आणि करता करता प्रत्येक क्लिक टिपा. आठवणीतून लिहू नका. कोणता फोन, कोणतं व्हर्जन, कोणती तारीख, हेही लिहून ठेवा.

स्टेप ५: लिहिताना बोला. मोबाइलवर जीबोर्डमध्ये आणि संगणकावर गुगल डॉक्समध्ये मराठी व्हॉइस टायपिंग आहे. त्या माणसाला फोनवर सांगताय असं समजून बोला, नंतर दुरुस्त करा. कोरं पान समोर असण्याची भीती यात जवळजवळ संपते.

स्टेप ६: विषय न येणाऱ्या एका माणसाला वाचून ते काम करायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. तो जिथे थांबेल तिथे लेखात भर घाला. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मजकूर असाच नवख्या माणसाकडून तपासून घेतात. हे ट्युटोरियल मराठीतही आहेत, वेळ काढून बघा. छोट्या छोट्या पायऱ्यांत कसं सांगावं ते कळेल.

स्टेप ७: पाठवा. व्हॉट्सॲप ग्रुप, ऑफिसची कॉमन फाइल, कॉलेजचं वार्षिक, कुठेही चालेल. फोल्डरमध्ये पडलेला लेख पुढच्या लेखाची प्रेरणा देत नाही.

लेखन चालू कसं ठेवायचं?

वेळ आणि जागा बांधून टाका. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 'जर-तर' स्वरूपाच्या ठरावांवर बरंच काम केलं आहे. "मी जास्त लिहीन" यापेक्षा "रविवारी सकाळचा चहा झाला की २० मिनिटं लिहीन" हा ठराव जास्त पाळला जातो, कारण चहा झाला की वेगळं ठरवायला लागत नाही.

सवयीला वेळ द्या. '२१ दिवसांत सवय लागते' हे ऐकलं असेलच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या छोट्या सवयींचा १२ आठवडे अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं आणि माणसामाणसात फरक तर १८ ते २५४ दिवस इतका होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच आढळलं. तेव्हा गणपतीत किंवा परीक्षेच्या काळात खंड पडला तर 'आता संपलं' असं समजू नका. पुढच्या रविवारी बसा.

टिपणवही ठेवा. फोनमध्ये 'आज काय अडलं' नावाची एक नोट उघडा. एरर मेसेज, विचारलेले प्रश्न, सापडलेली युक्ती, एकेका ओळीत. लिहायला बसल्यावर 'विषय काय?' असा प्रश्न पडला की अर्धा उत्साह तिथेच जातो. माझ्या नोटमध्ये कायम पंधरा-वीस ओळी शिल्लक असतात.

आकार लहान ठेवा. ३०० शब्दांचा पूर्ण लेख हा ३,००० शब्दांच्या अर्धवट लेखापेक्षा नेहमीच चांगला. पाच छोटे लेख झाले की त्यांचा एक मोठा लेख करता येतो.

जुनं दुरुस्त करणं हेही लेखन आहे. ॲप्स बदलतात, बटणांच्या जागा बदलतात. नवीन काही सुचत नसेल त्या रविवारी जुना लेख उघडून स्क्रीनप्रमाणे तपासा आणि वर 'शेवटची तपासणी' म्हणून तारीख टाका. वाचकाचा विश्वास याच तारखेवर बसतो.

आकडे रोज बघू नका. किती जणांनी वाचलं हे महिन्यातून एकदा बघा. एकाने "काम झालं" कळवलं तर ते मात्र जपून ठेवा. कंटाळा आला की वाचायला कामी येतं.

मराठीत लिहिताना लक्षात ठेवा

- स्क्रीनवर जो शब्द दिसतो तोच लिहा. बटणावर 'डाउनलोड' असेल तर लेखात 'उतरवून घ्या' लिहू नका, वाचक बटण शोधत बसेल.
- समजावण्याच्या भागात मात्र साधी मराठी वापरा. 'एन्क्रिप्शन' म्हटल्यावर पुढे लगेच सांगा: "म्हणजे मजकूर कुलूप लावून पाठवणं, किल्ली फक्त घेणाऱ्याकडे."
- एक शब्द निवडला की शेवटपर्यंत तोच ठेवा. एकदा 'फोल्डर', एकदा 'संचिका', एकदा 'डिरेक्टरी' असं केलं तर वाचकाला तीन वेगळ्या वस्तू वाटतात. पारिभाषिक शब्द हवेच असतील तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश बघता येतात.
- युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दिसतो छान, पण सर्चमध्ये सापडत नाही. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मराठी कीबोर्ड आहेत.
- सरावासाठी मराठी विकिपीडिया चांगली जागा आहे. तो २००३ पासून सुरू आहे. एखाद्या तांत्रिक लेखातली दोन वाक्यं सुधारली तरी ते टेक्निकल लेखनच झालं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: माझं शुद्धलेखन कच्चं आहे, लिहू का?
उत्तर: लिहा. ऱ्हस्व-दीर्घ नंतर कुणाकडून तरी तपासून घेता येतं. पण गाळलेली पायरी वाचकाचं काम अडवते. आधी पायऱ्या तपासा, मग शुद्धलेखन.

प्रश्न: एआय असताना मी कशाला लिहू?
उत्तर: वाक्यं नीट करायला एआय वापरा, हरकत नाही. पण तुमच्या तालुक्यातल्या फॉर्मवर कुठला कागद अडतो आणि तुमच्या फोनवर कुठला एरर आला, हे बघितलंय तुम्ही. एआयने लिहिलेली प्रत्येक पायरी स्वतः करून बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका.

प्रश्न: लेखात चूक निघाली तर?
उत्तर: दुरुस्त करा, काय बदललं ते एका ओळीत लिहा आणि सांगणाऱ्याचे आभार माना. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ २००८ पर्यंत आपल्या पुस्तकांत चूक शोधणाऱ्याला २.५६ डॉलरचा चेक देत असत. बरेच लोक ते चेक वटवण्याऐवजी फ्रेम करून ठेवत!

प्रश्न: मराठीत की इंग्रजीत?
उत्तर: स्टेप २ मध्ये लिहिलेलं नाव बघा. तो माणूस ज्या भाषेत प्रश्न विचारतो, त्या भाषेत.

थोडक्यात

प्रेरणेची वाट बघत बसलात तर ती येईलच असं नाही. अडलेला माणूस मात्र रोज भेटतो. एक माणूस, एक प्रश्न, २० मिनिटं आणि त्याच दिवशी लिहायचं, एवढं पाळलं तर वर्षाअखेरीस तुमच्याकडे चाळीस-पन्नास छोटी टिपणं असतील. त्यातलं एखादं कुणाचे तरी आठ हजार रुपये वाचवेल. आता फोनमध्ये 'आज काय अडलं' ही नोट उघडा आणि पहिली ओळ लिहा. किमान लांबी तुम्हाला माहीत आहेच: एक वाक्य.